नदीकाठचं चिनी गाव, नाव मात्र 'लॉक' – हे नाव आलं कुठून?

सॅक्रामेंटोची_सई

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आम्ही सॅक्रामेंटोहून नदीच्या कडेकडेने खाली डेल्टाकडे निघालो होतो, पेअरच्या बागा बघू, कुठेतरी डबा खाऊ, एवढाच बेत. नवऱ्याच्या फोनने मध्येच मान टाकली, त्यामुळे बांधावरच्या अरुंद रस्त्याने नुसतंच पुढे जात राहिलो आणि वॉलनट ग्रोव्हच्या मैलभर अलीकडे एका ठिकाणी गाडी थांबवली. रस्त्यावरून बघितलं तर काही विशेष नाही, चार जुनाट लाकडी घरं. पण दोन घरांच्या मधून जिना खाली उतरतो आणि खाली बघते तर अख्खी गल्ली! म्हणजे घराचा वरचा मजला बांधावरच्या रस्त्याला उघडतो आणि खालचा मजला मागच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून वाटीभर साखर देता येईल. घरं लाकडाची, रंग उडालेली, एक डावीकडे कललेलं, शेजारचं त्याला टेकलेलं, आमच्या गिरगावातल्या चाळीची आठवण झाली. मागच्या बाजूला भाजीचे वाफे आणि चक्क कारल्याचा मांडव.

गावाचं नाव लॉक. १९१५ मध्ये चिनी लोकांनी चिनी लोकांसाठी वसवलेलं, असं तिथे लिहिलंय.

आता प्रश्न. लेक चौथीत आहे, ह्या वर्षी त्यांना कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो आणि प्रोजेक्ट आहे 'एका ठिकाणाचं नाव कसं पडलं'. तिने हट्टाने हेच गाव घेतलंय. चिनी लोकांनी वसवलेल्या गावाला लॉक हे गोरं नाव कसं काय? दुसरं म्हणजे हे गाव 'अनइन्कॉर्पोरेटेड' आहे म्हणे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ग्रामपंचायत नाही तर गाव कसलं गं ते? मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाका. दोन आठवडे आहेत हातात.

टवाळभैरव

लॉक आहे तर किल्ली कुणाकडे आहे?

(पळतो)

जुनापुराणा

सई, सोपं आहे. तिथे लॉक नावाचे एक डॉक्टर होते, नदीला त्यांच्या जमिनीजवळ उतार होता, लोक तिथून नदी ओलांडायचे, त्यावरून नाव पडलं. आम्ही वीस वर्षांपूर्वी स्टॉकटनला होतो तेव्हा तिथून जायचो नेहमी. चिन्यांचा काही संबंध आठवत नाही पण.

चहाटळ

कारल्याचा मांडव बघून डोळे पाणावले असतील ना. फोटो कुठाय??

डेल्टावाला

सई, लॉकला आलीस आणि कळवलं नाहीस, आम्ही अर्ध्या तासावर राहतो. असो, राग बाजूला ठेवून लिहितो.

जुनापुराणा काका, तुम्ही म्हणताय ते लॉकफर्ड. ते वेगळं, मोकेलम्नी नदीवर, सॅन वाकीन कौंटीत (कौंटी म्हणजे आपला जिल्हा समजा). तिथले ते डॉक्टर डीन जुएट लॉक, आणि फर्ड म्हणजे तुम्ही म्हणता तो नदीचा उतार. गंमत म्हणजे तेही अनइन्कॉर्पोरेटेडच आहे, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. सईचं लॉक सॅक्रामेंटो नदीवरचं, त्याचा लॉक वेगळा. तो जॉर्ज लॉक. जमीन त्याची, पेअरची बाग त्याची.

आता गोष्ट. शेजारच्या वॉलनट ग्रोव्हला जुनं चायनाटाउन होतं. ऑक्टोबर १९१५ मध्ये तिथे आग लागली, लाकडी वस्ती, सगळं भस्मसात. त्या वस्तीत दोन भागांतून आलेले लोक होते, दोघेही ग्वांगडाँगचेच, पण एक सझ याप भागातले आणि दुसरे जोंगशानचे. बोली वेगळी, दैनंदिन खटके, आपल्याकडे घाटावरचे आणि कोकणातले एका चाळीत राहावेत तसं समजा. आगीनंतर जोंगशानवाल्यांनी ठरवलं की पुन्हा तिथेच घरं बांधण्यापेक्षा आपण आपलं वेगळं करू. ली बिंग नावाचा एक व्यापारी पुढे झाला, काही जण मिळून जॉर्ज लॉककडे गेले. लॉकच्या जमिनीवर १९१२ च्या सुमारास दोनतीन चिनी इमारती आधीपासून उभ्या होत्याच, नदीवर रेल्वे कंपनीचा धक्का आणि पॅकिंगची शेड होती. म्हणजे जागा मोक्याची.

सौदा झाला तो तोंडी. कागद नाही, करार नाही, हातात हात दिला आणि झालं. का? कारण कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये एलियन लँड लॉ केला होता. त्यात शब्द असे चलाख वापरलेत की 'जे परदेशी नागरिकत्वाला पात्र नाहीत' त्यांना जमीन विकत घेता येणार नाही. कायद्यात चिनी, जपानी असा उल्लेखच नाही. पण नागरिकत्वाला अपात्र कोण, तर आशियाई. चिन्यांना तर १८८२ च्या एक्स्क्लूजन ॲक्टपासूनच दार बंद होतं. त्यामुळे लॉकमध्ये घर चिन्याचं, त्याने स्वतःच्या पैशाने बांधलेलं, पण घराखालची जमीन लॉकची. तिचं भाडं दर महिन्याला. सुरुवातीला गावाला लॉकपोर्ट म्हणायचे, मग पोर्ट गळालं, लॉक उरलं.

म्हणजे सईच्या लेकीला एका वाक्यात उत्तर: जमिनीच्या मालकाचं नाव.

टवाळभैरव

म्हणजे किल्ली मालकाकडे. मी पहिल्याच प्रतिसादात मुद्द्याला हात घातला होता हे नमूद करतो.

खारपट्टा

डेल्टावाला, मस्त माहिती. एक विचारायचं होतं. सई म्हणते घराचा वरचा मजला बांधाला लागतो. म्हणजे गाव नदीच्या पातळीच्या खाली आहे का? आमच्या पेण-अलिबाग पट्ट्यात खारबंदिस्तीच्या आत उभं राहिलं की भरतीच्या वेळी होडीचं शीड डोक्याच्या वर दिसतं, तसलाच प्रकार वाटतोय.

डेल्टावाला

एकदम बरोबर ओळखलंत. पावसाळी दिवसांत नदी फुगली की लॉकच्या गल्लीत उभं राहणारा माणूस पाण्याच्या पातळीच्या खाली असतो.

आणि तो बांध बांधला कुणी, हाच तर गोष्टीचा आधीचा भाग आहे, मी उलटीकडून सुरुवात केली. हा सगळा डेल्टा म्हणजे मुळात दलदल. तूली नावाचं लव्हाळ्यासारखं उंच गवत आणि खाली पीटची काळी मऊ माती. रेल्वेचं काम संपलेले, सोन्याच्या खाणींतून हाकललेले चिनी मजूर इथे आणले. कंबरभर पाण्यात, फावडं आणि हातगाडी घेऊन, हिवतापाने कुडकुडत त्यांनी बांध घातले. १८६० ते १८८० ह्या वीस वर्षांत ८८ हजार एकर जमीन अशी पाण्यातून वर काढली. घोडे चिखलात रुतायचे म्हणून त्यांच्या खुरांना रुंद जोडे बांधायचे, त्याला तूली शूज म्हणत. नंतर यंत्रं आली, मजुरांची गरज संपली, मग तीच माणसं त्याच जमिनीवर पेअर तोडायला आणि ॲस्परॅगस काढायला रोजंदारीवर.

आणि पीटची माती वाळली की हवेने झिजते, बसत जाते. त्यामुळे डेल्टातली काही बेटं आज समुद्रसपाटीच्या पंधरा-वीस फूट खाली आहेत. बांध फुटला तर काय, हा इथला कायमचा घोर.

खारपट्टा

हे वाचून अंगावर काटा आला. कारण हे सगळं आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय, फक्त भात आणि पेअर एवढाच फरक.

आमच्याकडे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो, त्याला ठिकठिकाणी उघाडी असते, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप बंद. बांध फुटला तर खांड गेली म्हणतात. आजोबा पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे, खेकड्यांनी बिळं केली आहेत का बघायला. एवढंसं बीळ, त्यातून करंगळीएवढी धार, आणि सकाळपर्यंत खांड. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोनतीन वर्षं भाताचं नाव नको. आजोबा खेकड्याच्या बिळात आधी पेंढा कोंबायचे, मग चिखल, मग टाचेने दाबायचे. टाचेनेच का तर म्हणे टाचेला पोकळी कळते.

आणि जमीन? जमीन खोताची. बांध कुळांनी राखायचा आणि पिकाचा वाटा खोताला. ह्याच्यावरूनच अलिबाग तालुक्यात चरीचा संप झाला, १९३३ ला सुरू झाला आणि सहा वर्षं चालला, नारायण नागू पाटील पुढारी होते. शेतकऱ्यांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं, लाकडं तोडून विकून पोटं भरली. तर सांगायचं म्हणजे बांध घालणारा एक आणि सातबाऱ्यावर दुसरा, हे फक्त कॅलिफोर्नियात नाही.

नावाच्या बाबतीत मात्र आम्ही बरे. खारपाडा, खारपाले, नावात खार आहे, खोत नाही.

पणजीकर

खारपट्टा, +१. आमच्या गोव्यात ह्याला खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. मानशीच्या तोंडाशी रात्री कंदील लावून जी मासळी मिळते तिची सर कशालाच नाही. अवांतराबद्दल क्षमस्व, पण भूक लागली.

चहाटळ

फोटो????

बुद्रुककर

नावांचा विषय निघालाच आहे तर. नदीकाठच्या गावांची नावं हा आपल्याकडे मोठा मजेशीर प्रकार आहे. बुद्रुक म्हणजे फारसीतलं बुजुर्ग, मोठं. खुर्द म्हणजे लहान. खूपदा एकाच नावाची दोन गावं, मध्ये नदी नाहीतर ओढा. आता पुण्यातच बघा, हिंगणे बुद्रुक मुठेच्या ह्या तीरावर आणि हिंगणे खुर्द पलीकडे सिंहगड रस्त्याला. आणि आज हिंगणे बुद्रुक म्हटलं तर रिक्षावाला तुमच्याकडे बघत राहील, कारण त्याचं झालं कर्वेनगर. महर्षी कर्व्यांनी त्या माळावर संस्था उभी केली, गावाने नाव बदलून घेतलं. तर काम करणाऱ्याचं नाव गावाला लागू शकतं, फक्त काम करणारा थोडा प्रसिद्ध असावा लागतो.

त्या हिशेबाने तुमचं ते वॉलनट ग्रोव्ह बुद्रुक आणि लॉक खुर्द.

पेठकरी

सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाने, नारायण पेठ नारायणरावांच्या. पेठेत घर कुणी बांधलं, विहीर कुणी खणली, कोण विचारतो. पूर्वीपासून असंच आहे. उगाच त्या लॉकला का धरताय.

सॅक्रामेंटोची_सई

अरे किती ते छान प्रतिसाद! खारपट्टा, टाचेचं लेकीला वाचून दाखवलं, ती लगेच अंगणात टाच आपटून बघत होती.

चहाटळ, फोटो आहेत पण फोनने मान टाकली होती म्हटलं ना. नवऱ्याचा. माझ्यात फक्त डब्याचे आहेत.

पण आईचा प्रश्न राहिलाच की. ग्रामपंचायत नाही म्हणजे काय?

सरकारी_कागद

ह्याचं उत्तर मी देतो, पोटापाण्याचाच विषय आहे.

अमेरिकेत शहर 'होतं'. लोकांनी ठरवून अर्ज करायचा, मतदान करायचं, मग ते इन्कॉर्पोरेट होतं, म्हणजे स्वतःचं कौन्सिल, स्वतःचे कर, जमल्यास स्वतःचे पोलीस. ज्यांनी हे केलं नाही ते सगळे थेट कौंटीच्या पदरात. वस्ती लहान म्हणून अनइन्कॉर्पोरेटेड असं मुळीच नाही. सॅक्रामेंटो कौंटीत शहरं फक्त सात. त्यातलं आयल्टन, लॉकहून थोडंच खाली, लोकसंख्या आठशेच्या आसपास, पण १९२३ पासून ते रीतसर शहर आहे. आणि त्याच कौंटीतलं आर्डन-आर्केड, नव्वद हजारांवर लोक, ते शहर नाही! ईस्ट लॉस एंजेलिस तर लाखाच्या वर, तेही नाही.

सईच्या आईंना सांगा की आपल्याकडे असा पोकळ भाग राहूच शकत नाही. प्रत्येक जमीन कुठल्यातरी महसुली गावात मोडते, आणि वाडी कितीही लहान असली तरी ती शेजारच्या गावाबरोबर गटग्रामपंचायतीत बसवतात. लॉक म्हणजे अशी वाडी समजा की जिला सरपंच नाही, गट नाही, थेट जिल्हा परिषदेने बघायचं.

लॉकच्या बाबतीत ह्याचा दुसरा अर्थही होता. गावाला पोलीस नाहीत. शेरीफ लांब. दारूबंदीच्या काळात तिथे काय चालायचं ह्याची कल्पना करा.

डेल्टावाला

सगळं चालायचं. दाय लॉय नावाचा जुगारअड्डा १९१६ चा, तो १९५१ पर्यंत चालू होता, मग सरकारने बंद केला. आता तिथे म्युझियम आहे. आत फॅन-टॅनचं टेबल आहे. खेळ असा की टेबलावर बटणांचा ढीग ओततात, त्यावर वाटी पालथी घालतात, लोक पैसे लावतात, मग वाटी उचलून एक माणूस काडीने चारचार बटणं बाजूला सारत जातो. शेवटी उरतात एक, दोन, तीन किंवा चार. तेवढ्यावरच पैज. बस्स. ह्यात दिवसभराची मजुरी जायची.

ऐन भरात गावात सहाशे लोक कायमचे आणि हंगामात हजारच्या वर. शाळा, नाटकाचं थिएटर, किराणा, खानावळी. आज सत्तर-ऐंशी लोक, त्यात चिनी वंशाचे अगदी मोजके. मुलं शिकली, सॅक्रामेंटो नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोला गेली, परत कशाला येतात.

रोखठोक_राव

मला इथे सगळ्यांचा सूर जरा रडका वाटतोय. लॉकने काय वाईट केलं? आगीत सगळं गेलेल्या माणसांना जागा दिली, कायदा आडवा येत असताना दिली, विश्वासावर दिली. दुसऱ्या कुणी दिली असती का? त्याची जमीन, त्याचं नाव. ह्यात अन्याय शोधणं म्हणजे कै च्या कै.

मी_वर्ध्याची

रावसाहेब, लॉक वाईट होता असं कुणीच म्हटलेलं नाही. कायदा वाईट होता. चांगला मालक मिळाला तरी कागद नसेल तर मालकाच्या पुढच्या पिढीवर सगळं अवलंबून. आज जॉर्ज आहे, उद्या जॉर्जची नातवंडं.

आणि हे फक्त चिन्यांपुरतं नव्हतं. १९२३ मध्ये थिंड खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतीयांनाही नागरिकत्वाला अपात्र ठरवलं, मग हाच जमिनीचा कायदा पंजाबी शेतकऱ्यांच्या गळ्यात. लॉकपासून स्टॉकटन काही लांब नाही, तिथला गुरुद्वारा १९१२ चा. त्या सगळ्या पट्ट्यात पंजाबी मजूर आणि शेतकरी होते. गदरवाल्यांचा, म्हणजे अमेरिकेतून इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर पक्षाचा, मोठा आधार तोच. आणि आपले पांडुरंग खानखोजे, आमच्या वर्ध्याचे, ऑरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकले आणि गदरच्या कामात होते, पुढे मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन केलं. विष्णू गणेश पिंगळे तळेगाव ढमढेऱ्याचे, अमेरिकेतून गदरसाठी परत गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी गेले, करतारसिंग सराभा यांच्याबरोबर.

तारीख बघा. वॉलनट ग्रोव्हची आग ऑक्टोबर १९१५. पिंगळे फाशी गेले त्या दिवसांत लॉकमध्ये पहिली घरं ठोकली जात होती.

रोखठोक_राव

तारखांचा योगायोग आहे, मुद्दा नाही. पण पिंगळ्यांचं माहीत नव्हतं, ह्याबद्दल आभार.

हिशेबनीस

माझा तिसराच मुद्दा. समजा लॉकचं नाव काढलं आणि 'ली बिंगवाडी' ठेवलं, तर ते तरी योग्य का? ली बिंग शेठ माणूस. जुगारअड्डे, दुकानं कुणाची? शेठ लोकांची. वर डेल्टावालांनी लिहिलंय, दिवसभराची मजुरी बटणांवर जायची. ती जायची कुणाच्या खिशात? बांध घालणाऱ्याच्या तर नक्कीच नाही. आणि त्या बांधवाल्यांची पिढी गाव वसलं तेव्हा म्हातारी झाली होती. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही, मालकाच्याही नाही आणि शेठच्याही नाही.

तत्त्वचिंतामणी

कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही! जॉन लॉक. सतराव्या शतकातला इंग्लिश तत्त्वज्ञ. त्याचं म्हणणं काय, तर जमिनीत माणसाने आपले श्रम मिसळले की ती त्याची मालमत्ता होते.

आणि ज्या गावात श्रम मिसळणाऱ्याला जमीन मिळाली नाही त्या गावाचं नाव लॉक. अर्थात हा लॉक तो नव्हे. पण कॉलेजात हा मुद्दा मला मिळाला असता तर मास्तरांना गप्प केलं असतं.

टवाळभैरव

चिंतामणी, तुम्ही मास्तरांना गप्प केलं नाहीत म्हणूनच आज आम्ही तुमचं ऐकतोय. हसून हसून पुरेवाट.

डेल्टावाला

मी_वर्ध्याची ताईंनी 'उद्या जॉर्जची नातवंडं' म्हटलंय ते जसंच्या तसं झालं. एलियन लँड लॉ १९५२ मध्ये कोर्टाने रद्द ठरवला, पण तोवर गाव रिकामं व्हायला लागलं होतं, आणि जमीन लॉकच्या वारसांकडेच राहिली. १९७७ मध्ये त्यांनी अख्खं गाव, म्हणजे घरांखालची जमीन, हाँगकाँगच्या एका बिल्डर कंपनीला विकली. घरवाले तसेच वर लटकलेले. मग बऱ्याच खटपटीनंतर सॅक्रामेंटोच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने ती जमीन घेतली, प्लॉट पाडले आणि २००४ मध्ये ज्याचं घर त्याला जमीन विकली. १९१५ ते २००४. एकोणनव्वद वर्षं. तेव्हा राव, रडका सूर थोडा चालेल.

टवाळभैरव, तुझ्या किल्लीचं उत्तर हेच, २००४.

खारपट्टा

आमच्याकडे कूळकायदा आला म्हणून. नाहीतर आम्हीही बसलो असतो वाट बघत.

जुनापुराणा

माझी चूक मान्य. लॉकफर्ड वेगळं. पण एक विचारतो, डॉक्टर लॉक आणि जॉर्ज लॉकच्याही आधी तिथे कुणीतरी असणारच की. मोकेलम्नी हे नाव काही इंग्रजी वाटत नाही.

मी_वर्ध्याची

काका, चांगला प्रश्न. तिथले मूळ लोक मिवॉक. मोकेलम्नी, कसमनेस, तुऑलम्नी ह्या सगळ्या नद्यांच्या नावात जे शेपूट आहे ते मिवॉक भाषेतलं, त्याचा अर्थ 'त्या ठिकाणचे लोक' असा. म्हणजे आपलं -कर. १८३३ च्या सुमारास तापाच्या साथीत त्या खोऱ्यातली गावंच्या गावं ओस पडली. नद्यांची नावं तेवढी राहिली.

बुद्रुककर

म्हणजे मोकेलकर, तुऑलकर. आमच्याच पंगतीतले निघाले.

चहाटळ

जेवायला काय मिळतं तिथे हे कुणीच सांगितलं नाही. एवढा इतिहास उपाशीपोटी कसा पचवायचा.

डेल्टावाला

अल्स प्लेस. १९३४ मध्ये अल अडामी नावाच्या इटालियन माणसाने उघडलं. चिनी गावातलं पहिलं बिनचिनी दुकान. स्टेकबरोबर पीनट बटर आणि जॅम देतात, का ते विचारू नये. छताला डॉलरच्या नोटा चिकटवलेल्या आहेत. खालून नोट वर कशी चिकटवायची ही तिथली ट्रिक, नोटेत टाचणी आणि एक जड नाणं गुंडाळून वर भिरकवतात, टाचणी रुतते, नाणं खाली पडतं.

पणजीकर

शेंगदाण्याची चटणी आणि मुरांबा. ह्यात विचारायचं काय?

हाँगकाँगची_हेमा

उशिरा आले धाग्यावर, सगळा वाचून काढला. सई, तुझ्या लेकीच्या प्रोजेक्टसाठी एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. सगळेजण इंग्रजी नावावर भांडताय. तिथल्या लोकांनी ते चिनीत कसं लिहिलं ते कुणी बघितलं का?

मी इथे बारा वर्षं आहे, कँटोनीज मोडकंतोडकं येतं, बाजारात फसवणूक होणार नाही एवढं. चिनीत परकं नाव लिहायचं तर उच्चाराला जवळची अक्षरं शोधावी लागतात, आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतोच, त्यामुळे निवड करावी लागते. आमच्या ऑफिसात माझ्या नावासाठी तिघांनी अर्धा तास वाद घातला, पहिल्या निवडीचा अर्थ 'समुद्रातली घोडी' असा काहीतरी निघाला म्हणून.

तर लॉकसाठी त्यांनी दोन अक्षरं घेतली. पहिल्याचा उच्चार 'लोक', अर्थ आनंद, सुख. दुसरं 'गोय'च्या जवळपास, अर्थ राहणं, वस्ती. दोन्ही मिळून लॉकी सारखं ऐकू येतं आणि अर्थ होतो सुखाने राहणे.

म्हणजे मालकाने हाक मारली तर त्याला त्याचंच नाव ऐकू येणार. आणि ह्यांनी घरी पत्र लिहिलं तर पत्त्यात सुखाची वस्ती.

मी_वर्ध्याची

हेमा _/\_

टवाळभैरव

चिनीत लोक म्हणजे सुख? आमच्याकडे लोक म्हणजेच तर सगळा त्रास.

पणजीकर

लोक गोंय! तरी म्हटलं हे गाव ओळखीचं का वाटतंय.

रोखठोक_राव

हे आवडलं. म्हणजे भांडण नाही, तक्रार नाही, नाव तेच ठेवून आपला अर्थ भरला.

हिशेबनीस

दुसरा इलाज होता का, राव? पण हो, आवडलं मलाही.

पेठकरी

मराठीत करायचं तर सुखवाडी. की आनंदवाडी? सुखवस्ती नको, त्याने गाव श्रीमंत वाटेल.

सॅक्रामेंटोची_सई

मंडळी, प्रोजेक्ट काल गेलं! हेमा, तुझा प्रतिसाद लेकीला तीनदा वाचून दाखवावा लागला, समुद्रातल्या घोडीपाशी दर वेळी थांबायची.

एका वाक्यात उत्तर द्यायचं होतं, तिने दोन लिहिली. टीचरने चालवून घेतलं. तिचं मराठी करून देते: "हे नाव जमिनीच्या मालकाचं आहे. जे तिथे राहत होते त्यांनी ते असं लिहिलं की त्याचा अर्थ सुखाने राहणे झाला." खाली चित्र काढलंय, घराला दोन दारं, एक वर रस्त्याला आणि एक खाली गल्लीत, आणि मागे कारली. कारली घराएवढी झालीत. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, सुखवाडी ठीक आहे गं, पण पाणीपट्टी कुणाला भरतात?

सरकारी_कागद

आईंना साष्टांग नमस्कार. सगळ्यात योग्य प्रश्न त्यांचाच.

डेल्टावाला

जुलैच्या शेवटच्या रविवारी कोर्टलंडला पेअरची जत्रा असते, लॉकच्या थोडं वर. तिथून लॉक, तिथे गटग, म्हणजे सगळ्यांनी भेटायचं. कोण कोण येतंय ते सांगा. गाडी मात्र बांधावर नीट बाजूला लावा, मागच्या वेळी आमच्या एका मित्राची गाडी उतारावर अर्धी घसरली होती आणि पुढचे दोन तास सगळे ती ओढत होते.

चहाटळ

मी येते. फोटो मीच काढेन.

खारपट्टा

माझं येणं जमणार नाही, पेणहून लांब पडतं जरा. पण सई, डेल्टावाला, कुणीही, जाल तेव्हा बांधाचा आतल्या बाजूने एक फोटो टाका. घरांचा नको, मातीचा. उतार किती ठेवलाय आणि वर गवत कुठलं आहे ते बघायचंय. आणि खेकड्याची बिळं आहेत का तेही.